सुविचारांची फाइल आमच्या हाती दिल्याबद्दल

परळ, मुंबई

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेतील संगणक कक्षासाठी तुम्ही लिहून दिलेला प्रोग्राम आता मुलांच्या रोजच्या सवयीचा झाला आहे. समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

विद्यार्थ्याने लॉग-इन केले की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक सुविचार, म्हण किंवा विनोदी वचन उमटते आणि थोड्या वेळाने आपोआप निघून जाते. परिपाठाच्या वेळी फळ्यावर सुविचार लिहिण्याची प्रथा आमच्याकडेही आहे, परंतु तो शिक्षकांनी निवडलेला आणि बहुधा उपदेशाचा असतो, त्यामुळे दुसऱ्या तासापर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही. हसवणारे वाक्य आणि शहाणे वाक्य एकाच पिशवीत असावे आणि हाताला कोणते लागेल हे मुलाला आधी कळू नये, हा तुमचा आग्रह मला सुरुवातीपासून पटला.

या कल्पनेची परंपराही तुम्हीच आम्हाला सांगितलीत. युनिक्स या संगणक कार्यप्रणालीच्या १९७९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत ‘फॉर्च्यून’ नावाचा प्रोग्राम होता. आज्ञा दिली की तो संग्रहातील एक वाक्य दाखवी. पुढे केन अरनॉल्ड यांनी केलेली त्याची आवृत्ती बीएसडी या युनिक्सच्याच एका शाखेमार्फत जगभर गेली. तिच्यातील वाक्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात आणि दोन वाक्यांच्या मध्ये फक्त टक्क्याचे चिन्ह असलेली एक ओळ असते. तुम्ही हीच रचना ठेवलीत. तयार संग्रह बंद करून देणे तुम्हाला सोपे गेले असते. त्याऐवजी तुम्ही फाइल उघडी ठेवलीत, आणि ज्याला मराठी टंकलेखन येते अशा सातवीतल्या मुलीलाही प्रोग्रामिंगचा एक शब्द न शिकता तिच्यात भर घालता येऊ लागली. माझ्या कृतज्ञतेचे खरे कारण हे आहे.

देवनागरीसाठी तुम्ही घेतलेले कष्ट वापरणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून ते येथे नोंदवते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीत डोळ्यांना बारा अक्षरे दिसतात; पण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट (संगणकाच्या साठवणीचे एकक) घेते आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सारे स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे मधल्या मोकळ्या जागा धरून ती ६० बाइटांची होते. लांबी बाइटांत मोजणाऱ्या पहिल्या मसुद्याला आमच्या आटोपशीर म्हणी लांबलचक वाटत आणि तो त्या वगळत असे. ओळ मोडताना काना अक्षरापासून सुटून पुढच्या ओळीवर तुटक वर्तुळासह एकटा उभा राही. तुम्ही मोजणी अक्षरांवर आणलीत आणि ‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ’ यातला ऱ्या नीट उमटेपर्यंत स्वस्थ बसला नाहीत. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा, म्हणजे कोणालाही वापरता आणि वाटता येणारा ‘मुक्त’ हा फॉन्ट तुम्ही निवडलात, म्हणून आमच्या जुन्या पडद्यांवरही जोडाक्षरे स्वच्छ दिसतात.

प्रत्येक वाक्याखाली आधार लिहिण्याची सक्तीही तुमचीच. फोनवर फिरणारे कोणतेही गोड वाक्य एखाद्या थोर व्यक्तीच्या नावावर खपवले जाते, आणि मुले ते निबंधात जसेच्या तसे उतरवतात. तुमच्या प्रोग्राममध्ये आधाराची ओळ रिकामी असेल तर वाक्य दाखवलेच जात नाही. ते तपासणीच्या फाइलमध्ये थांबून राहते. या एका अटीमुळे आमची काही मुले नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पोहोचली. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था शाळेपासून जवळ असूनही त्यांनी ती आतून पाहिली नव्हती. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उघडून म्हण शोधताना त्यांच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता दिसली, ती परीक्षेच्या अभ्यासात मला क्वचितच दिसते.

सर्वांत अवघड प्रश्न म्हणींनीच उभा केला. आपल्या अनेक जुन्या म्हणी एखाद्या जातीला, बाईला किंवा अपंगत्वाला हिणवतात, आणि त्या खटकेबाज असल्यामुळे चटकन तोंडात बसतात. त्या पुसून टाकाव्यात असे काही सहकाऱ्यांचे मत होते. माझेही मन तिकडेच झुकत होते. मूळ फॉर्च्यूनमध्ये आक्षेपार्ह वाक्ये वेगळ्या फाइलींत ठेवलेली असतात आणि मुद्दाम मागितल्याशिवाय दिसत नाहीत, हे तुम्ही दाखवलेत आणि तीच सोय आम्हाला करून दिलीत. आता त्या म्हणी मुलांच्या स्क्रीनवर येत नाहीत, पण वरच्या वर्गांत भाषेचा तास घेताना शिक्षक ती फाइल उघडून, कोणी कोणाला आणि का हिणवले, यावर बोलू शकतात.

फाइल उघडी असल्याचे सर्वांत मोठे फळ मात्र घराघरांतून आले. गिरणगावातील आमच्या मुलांची आजी-आजोबांची पिढी कोकणातून किंवा घाटावरून आलेली. त्यांच्या बोलण्यातले कितीतरी वाक्प्रचार मुलांच्या कानांवर पडत, पण ते लिहून ठेवावेत इतके मोलाचे आहेत असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. कोशात न सापडलेल्या म्हणीखाली आता ‘आजीकडून ऐकलेली’ असे लिहून गावाचे आणि तालुक्याचे नाव घातले जाते, आणि तो आधार तुम्ही ग्राह्य मानलात. मालवणी बोलताना संकोचणारा एक मुलगा आपल्या आजीची म्हण स्क्रीनवर आली तेव्हा सगळ्या वर्गाला तिचा अर्थ समजावून सांगत होता. शिक्षिका म्हणून मला याहून वेगळे काही नको होते.

मुक्त परवान्याने दिलेला हा प्रोग्राम भांडुपच्या एका शाळेने मागितला आहे. तुमच्या श्रेयनामासह आणि आमच्या मुलांच्या तपासलेल्या फाइलसह आम्ही तो त्यांना देत आहोत. त्यांच्या मुलांनी जमवलेली वाक्ये आमच्या संग्रहात यावीत, असेही ठरले आहे. तपासणीची फाइल सध्या बरीच भरली आहे. सवड होईल तेव्हा एखाद्या शनिवारी अवश्य या. काही वाक्यांच्या आधारावरून मुलांमध्ये मतभेद आहेत आणि त्यांना तुमचा निर्णय हवा आहे.

आपली कृतज्ञ,
संगणक शिक्षिका