बाबा, पोस्टातले पैसे मोडू नका

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलणं नीट होतच नाही, रेंज जाते आणि बाबा तुम्ही मध्येच "पैसे आहेत, तू नको काळजी करू" म्हणून विषय संपवता, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई तूही वाच, चष्मा लावून, नाहीतर बाबा फक्त त्यांना हवं तेवढंच वाचून दाखवतील.

चिपळूणला टू बीएचके घ्यायचा, भाड्याने द्यायचा, भाड्यातून हप्ता जाईल आणि वीस वर्षांनी जागा आपली, हे मलाही पटलं होतं खरं. मग रविवारी वही घेऊन बसले. किंमत ४० लाख सांगतायत, बँक त्याच्या ८० टक्के देईल म्हणजे ३२ लाख, राहिलेले ८ आपले. वर मुद्रांक शुल्क आणि रजिस्ट्रेशन मिळून दोन लाखांच्या आसपास, माझ्या नावावर घेतला तर बायकांना एक टक्का सूट असते ती धरूनसुद्धा, आणि त्या खर्चाला बँक कर्ज देत नाही. म्हणजे बाबा तुमचे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेतले १० लाख इथेच संपले, अजून पंखे, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या काहीच नाही.

पुढे दर महिन्याचं बघा. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरली तर हप्ता २७,७७० रुपये. भाडं मी त्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका नर्सताईंना विचारलं, एजंट १५ हजार म्हणतो, त्या प्रत्यक्षात ११ हजार देतात. जवळजवळ १७ हजार दर महिन्याला माझ्या पगारातून जाणार, तेही घरात भाडेकरू असताना.

आता हप्ता बाजूला ठेवू, समजा कर्जच नाही, तरी बघा. वर्षाचं भाडं १ लाख ३२ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४ हजार, एखादा महिना जागा रिकामी राहणारच त्याचे ११ हजार, घरपट्टी ५ हजार, आणि आपल्याकडच्या पावसात दरवर्षी कुठेतरी ओल येतेच त्याचे १० हजार. उरले ८२ हजार. आणि तुमच्या १० लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला किती येतात? ८२ हजारच! दर तीन महिन्यांनी २०,५०० खात्यात येतात ना तेच. ४० लाखांच्या फ्लॅटमधून जेवढं सुटेल तेवढं तुमचे १० लाख आत्ताच देतायत, ना भाडेकरू ना गळती. शिवाय एक वर्षानंतर पण दोन वर्षं व्हायच्या आत खातं बंद केलं तर दीड टक्का कापतात, १५ हजार गेले की.

बाबा तुम्ही म्हणाल जागेचा भाव वाढतो. वाढेलही. पण २०२१ आठवा. मे मध्ये तौक्ते आलं, पडवीवर माड पडला आणि आगोटीच्या तोंडावर छप्पर उघडं, तेव्हा तुमच्या हातात पैसे होते म्हणून आठ दिवसांत पत्रे बसले. पैसे फ्लॅटमध्ये असते तर काय केलं असतं, फ्लॅटची एक खोली काही विकता येत नाही. आणि त्याच जुलैच्या २२ तारखेला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. हा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, एजंटला विचारलं पाणी कुठपर्यंत आलेलं तर त्याने विषयच बदलला. मी खालच्या दुकानदाराला विचारलं, त्याने भिंतीवर हात ठेवून खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर होती.

जागा घ्यायचीच नाही असं नाही माझं. मला हवीय, पण माझ्या पैशाने, आणि पूरग्रस्त भागात नाही. म्हणून असं ठरवलंय की हे वरचे १७ हजार मी येत्या महिन्यापासून आरडीत टाकणार, दीड वर्ष, जणू हप्ताच चालू आहे. जमलं तर ३ लाखांच्या वर माझे स्वतःचे जमतील आणि कळेल की मला झेपतंय का. नाही जमलं तर आरडी बंद करता येते, कर्ज असं मध्येच सोडता येत नाही. मग वन बीएचके बघू, डेरवण-सावर्डे बाजूला, हॉस्पिटलमुळे तिथे भाडेकरू मिळतात. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय सही करणार नाही.

आणि भाडेकरूशी करार रजिस्टरच करायचा, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. काकांनी ओळखीवर खोली दिली, कागद नाही काही नाही, आणि ती सोडवून घ्यायला किती वर्षं गेली. मी नंतर वाचलं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, रजिस्टर केलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, उलटं सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर. काकांना हे कोणी वेळेवर सांगितलं असतं तर काकूंनी तेवढं रडून काढलं नसतं.

बाबा तुम्हाला मदत करायचीच असेल तर एक करा. सावर्ड्याला जाल तेव्हा दोन-तीन ठिकाणी भाडं विचारा, एजंटला नाही, राहणाऱ्यांना. आणि पाण्याचं विचारा, एप्रिल-मे मध्ये टँकर लागतो का.

आई, बांगड्या गहाण ठेवायचं तू हळूच बोललीस ते मी ऐकलंय. त्या घाल. गणपतीला येतेय तेव्हा मला तुझ्या हातात दिसल्या पाहिजेत. आणि पोस्टाचं पासबुक काढून ठेवा, नॉमिनी कोण आहे ते एकदा बघून घेऊ.

तुमची,
बाय