बाबा, छाटणीआधी मुंबईला या

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

काल बाबा फोनवर म्हणाले, "द्राक्षबाग विकून औषध घ्यायचं नाही." मला पुढे बोलवेना, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमचा लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, केमोला दाद देईना. डॉक्टरांनी सुचवलेली कार-टी म्हणजे आणखी एक केमो नाही. मशिनमधून रक्त फिरवून त्यातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात, बाकीचं रक्त लगेच अंगात परत येतं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्या पेशींत नवा जीन घालतात आणि त्यांच्या अंगावर माणसाने रचलेलं एक प्रथिन येतं. आपण डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनचं कलम भरतो ना, अगदी तसं दोन जातींचं. बाहेरचं टोक अँटिबॉडीचं, कॅन्सरच्या पेशींवरची सीडी-१९ ही खूण हुडकणारं. आतलं टी पेशीचं, मारायचा हुकूम देणारं. या पेशी वाढवून सलाइनसारख्या परत देतात. ही खूण अँटिबॉडी बनवणाऱ्या निरोगी बी पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात आणि पुढे जंतुसंसर्गाला फार जपावं लागतं.

आई, त्रास होतो गं. ताप चढतो, बीपी उतरतं, काहींना भ्रम होतो, शब्द सुचत नाहीत. म्हणूनच दवाखान्यात ठेवून घेतात. तापाच्या त्या लाटेवर टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी असतं.

आता पैशाचं. परदेशात याला तीन-चार कोटी लागतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी नेक्सकार-१९ नावाचं कार-टी इथंच तयार केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. तेव्हा खर्च ३० ते ४० लाखांच्या घरात सांगितला होता. आपल्याला तोही डोंगरच, पण दादा आणि मी बसून हिशेब घातलाय. बागेला हात न लावता काय जमतंय ते आम्ही बघतो, तो घोर तुम्ही घेऊ नका.

चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. सगळ्यांचा टिकला नाही, हेही सांगते. मला तुमच्याकडून आज होकार नकोय. फक्त इथल्या डॉक्टरांना एकदा भेटा, मग ठरवा. "छाटणी उरकली की बघू" एवढं मात्र म्हणू नका. केमोचे फेरे वाढले की टी पेशीही थकतात, आणि आपल्याला हव्यात त्या त्याच.

छाटणीला दादा रजा काढून तासगावला येतोय. येताना पेट स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, आठवणीने आणा. ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावे लागतील, नुसता रिपोर्ट चालणार नाही.

तुमची,
ताई