नकाशाच्या फाइलीला हाताने नाव देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी लातुरात आरेखक आहे. आयटीआय झाल्यापासून चौदा वर्षं इमारतींचे नकाशेच काढतोय. गेल्या उन्हाळ्यात औसा रोडवरच्या एका घराच्या चार कॉलमची सळई १२ मिमीची १६ मिमी झाली. सुधारलेला नकाशा मी रात्रीच गुत्तेदाराला व्हॉट्सॲपवर टाकला. त्याच्या फोनात दोन फायली झाल्या, ‘कॉलम फायनल’ आणि ‘कॉलम फायनल नवीन’. सकाळी मिस्त्रीने पहिली उघडली. दोन कॉलमचे पिंजरे बांधून झाले, तेवढ्यात इंजिनिअर साहेब साइटवर आले म्हणून कळलं. काँक्रीट पडलं असतं तर ते कुणालाच दिसलं नसतं. ती नावं घाईत मीच टाइप केली होती.

साइटवर टायटल ब्लॉक, म्हणजे नकाशाच्या कडेची नाव-क्रमांकाची चौकट, कुणी मोठा करून बघत नाही. उन्हात फोन धरून फाइलीचं नाव वाचतात, तेवढंच.

म्हणून ते नाव सॉफ्टवेअरलाच देऊ द्यावं. मी नकाशे काढतो त्या रेव्हिट सॉफ्टवेअरच्या २०२२ च्या आवृत्तीपासून पीडीएफ काढतानाच नावाचा नियम लावता येतो: शीट (नकाशाचं पान) क्रमांक, शीटचं नाव, चालू रिव्हिजन (कितवी सुधारणा ते). सगळ्या शीट एकाच फाइलीत जोडायची खूण तेवढी काढावी लागते. रिव्हिजन शीटवर रीतसर नोंदवायचं राहिलं, तर ते नावातही येत नाही. डीडब्ल्यूजी, म्हणजे कॅडच्या फाइलीला, माझ्याकडे हा नियम लागला नाही; त्यासाठी मी डायनॅमोची (रेव्हिटमधली कामं आपोआप करून देणाऱ्या साधनाची) छोटी स्क्रिप्ट करून घेतली. आता माझी फाइल ‘एस-१०४_पहिला मजला कॉलम_आर२’ अशी निघते. वेळ वाचतोच, पण मला तो शेवटचा ‘आर२’, म्हणजे दुसरं रिव्हिजन, जास्त मोलाचा वाटतो.

माझं आजोळ किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तिथली दगड-मातीची घरं कोसळली. तेव्हापासून आमच्याकडची माणसं पै-पै साठवून कॉलमचं घर बांधतात, ते त्या सळईच्या भरवशावर.

आर्किटेक्ट आणि इंजिनिअर मंडळींना कळकळीची विनंती आहे. आपल्या ऑफिसात नावाची एकच पद्धत ठरवा, ती नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवा. आणि सुधारलेली फाइल पाठवताना सोबत ‘आर१ रद्द’ एवढं जरूर लिहा.

– एक आरेखक (स्थापत्य), लातूर