प्लॉटर मुलांनी स्वतः जोडावा, विकत आणून मांडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लवकरच गावोगावच्या शाळांत तालुका विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू होईल. गेल्या वर्षी अशाच एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेले असताना मी एक प्लॉटर पाहिला, म्हणजे मोटारींच्या साहाय्याने पेन फिरवून कागदावर चित्र काढणारे यंत्र. यंत्र सुबक होते आणि चित्रही नीट उमटत होते. मात्र “यात रेघ सरळ कशी येते?” असे विचारल्यावर ते मांडणारी दोन्ही मुले गप्प झाली. ते दुकानातून जोडून आणलेले होते आणि माहिती मुलांकडून पाठ करून घेतली होती. मुलांचा यात काहीही दोष नाही. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, इलेक्ट्रॉनिक्सचा एक धडाही कधी घेतलेला नव्हता. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तसा प्लॉटर जोडायला घेतला. त्यातून जे हाती आले ते शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी निवडलेला प्रकार भिंतीवर टांगायचा आहे. फळीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन स्टेपर मोटारी (एकेक ठरावीक पाऊल टाकत फिरणाऱ्या), त्यांच्या रिळांवरून खाली आलेले दोन दोरे आणि त्या दोऱ्यांना लटकलेला पेन, एवढीच त्याची रचना. आर्डुइनो उनो जातीचा एक स्वस्त बोर्ड (प्रोग्राम भरून यंत्र चालवता येणारा छोटा संगणकच), ‘२८बीवायजे-४८’ जातीच्या त्या दोन लहान स्टेपर मोटारी, त्यांना वीज पुरवणारे ‘युएलएन २००३’ ड्रायव्हर, पेन उचलण्यासाठी एक छोटी सर्व्हो मोटार आणि घरातला जुना मोबाइल चार्जर एवढ्यावर काम भागले. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून हे सारे हजार रुपयांच्या आत मिळाले. तयार टोके असलेल्या वायरी वापरल्यामुळे सोल्डरिंग करावे लागले नाही.

पहिल्याच संध्याकाळी मोटार फिरेना. नुसती थरथरत आणि गुणगुणत राहिली. या मोटारीत चार गुंडाळ्या असतात आणि त्यांना ठरावीक क्रमाने वीज दिली तरच आतला चुंबक एकेक पाऊल पुढे सरकतो. मी प्रोग्राममध्ये पिनांचा क्रम सरळ एक, दोन, तीन, चार असा लिहिला होता. मी वापरलेल्या लायब्ररीला (मोटार चालवण्यासाठी आयत्या मिळणाऱ्या प्रोग्रामला) तो एक, तीन, दोन, चार असा हवा होता. मधल्या दोघांची अदलाबदल करताच मोटार शांतपणे फिरू लागली. हे समजायला मला तीन दिवस लागले, पण चुंबकीय क्षेत्र ‘फिरते’ म्हणजे नेमके काय होते, हे त्या तीन दिवसांइतके कोणत्याही आकृतीने मला समजावले नव्हते.

दुसरी अडचण विजेची. दोन्ही मोटारी चालू असताना सर्व्होने पेन उचलला की बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. कारण ओहमच्या नियमातच होते. एका गुंडाळीचा रोध सुमारे ५० ओहम आहे, म्हणजे ५ व्होल्टला तिच्यातून ०.१ अँपिअर धारा वाहते. एका वेळी दोन गुंडाळ्या चालू धरल्या तर एका मोटारीला ०.२ आणि दोन मोटारींना ०.४ अँपिअर लागते. सारे ज्यावर चालत होते त्या संगणकाच्या साध्या यूएसबी जोडणीतून ०.५ अँपिअर मिळणे अपेक्षित असते. त्यात सर्व्होने झटका घेतला की विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो. मोटारींना वेगळ्या चार्जरवरून वीज दिली आणि बोर्ड व चार्जर यांचे ग्राउंड, म्हणजे वजा टोके, एकमेकांना जोडले, तेव्हा हा त्रास थांबला. बोर्डाची एक पिन निर्धोकपणे ०.०२ अँपिअरच देऊ शकते, म्हणून मध्ये ड्रायव्हर का लागतो, हेही त्याच आकडेमोडीतून उलगडले.

परंतु ज्या प्रश्नावर ती मुले अडली होती, त्याचे उत्तर याहून सुंदर आहे आणि ते दहावीच्या भूमितीत आहे. माझ्या दोन मोटारींमध्ये ६० सेंटिमीटर अंतर आहे. पेन बरोबर मध्यावर आणि मोटारींच्या रेषेपासून ४० सेंटिमीटर खाली असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार दोन्ही दोरे ५० सेंटिमीटरचे भरतात. तोच पेन त्याच पातळीवर डावीकडे २१ सेंटिमीटर सरकवला, तर डावा दोरा ४१ आणि उजवा सुमारे ६४.८ सेंटिमीटर व्हायला हवा. म्हणून मी डावा दोरा ९ सेंटिमीटर गुंडाळला, उजवा १४.८ सेंटिमीटर सोडला आणि दोन्ही मोटारी एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी थांबतील असा प्रत्येकीचा स्थिर वेग ठेवला. पेन योग्य जागी पोहोचला, पण रेघ सरळ आली नाही. ती मध्यभागी जवळजवळ एक सेंटिमीटर खाली झोळ पडल्यासारखी वाकली.

शाळा सुरू झाल्यावर ती वाकडी रेघ मी तशीच वर्गात नेली. लांबी आणि स्थान यांचे नाते वर्ग-वर्गमुळांचे आहे, म्हणून लांबी सारख्या प्रमाणात बदलली तरी पेन सरळ जात नाही, हे मुलींनी स्वतः आकडे मांडून शोधले. उपायही त्यांनीच सुचवला. रेघेचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोन्ही दोऱ्यांची लांबी नव्याने काढायची. वाक तेव्हाही उरतो, पण डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतर त्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढली, आणि तिचे ठिपके रेघांवर बरोबर बसले की नाही हे पाहायला वर्ग मधल्या सुट्टीतही फळीपुढून हलला नाही.

दोऱ्याबद्दलही सांगायला हवे. आधी शिलाई मशीनच्या बॉबिनवर साधा दोरा गुंडाळला होता. दोऱ्यावर दोरा चढला की रिळाची जाडी वाढते, एका फेऱ्यात जास्त दोरा ओढला जातो आणि चित्राचे माप बिघडते. शिवाय सुती दोरा ताणही खातो. बारीक तंगूस आणि १२ मिलिमीटर व्यासाची रुंद नळी घेतल्यावर फेरे शेजारी शेजारी बसू लागले. या मोटारीच्या पूर्ण फेऱ्यात सुमारे ४०९६ अर्धपावले (पूर्ण पावलाच्या निम्मी) असतात, म्हणजे एका अर्धपावलात दोरा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी सरकतो. तिच्या स्वस्त दातेरी चाकांमध्ये थोडी ढिलाई असते खरी, पण लटकत्या पेनाच्या वजनामुळे ती बहुतेक वेळा एकाच बाजूला दाबलेली राहते. तयार, बंद डब्यातल्या यंत्रात यातले काही दिसत नाही.

यासाठी सोयी नाहीत असे म्हणता येणार नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी (मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी) निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची योजना २०१६ पासून आहे आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात तर हाताने वस्तू बनवत शिकण्याचे काम १९८३ पासून चालू आहे. मला खटकते ते वेगळेच. एका शाळेत महागडे संच कपाटात कुलपात ठेवलेले मी पाहिले, कारण एखादा भाग जळाला तर त्याचा हिशेब कोण देणार, ही शिक्षकांना धास्ती होती. दीडशे रुपयांची मोटार मुलांच्या हातून जळणे हा शिकण्याचा खर्च मानून तो उपभोग्य साहित्यात धरावा, आणि तसा लेखी खुलासा मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा, अशी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे.

प्रदर्शनाच्या संयोजकांनाही दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक यंत्रासोबत बिघाडांची वही मागावी, म्हणजे काय बिघडले, कारण काय वाटले, काय करून पाहिले हे मुलांनी तारखेनिशी लिहिलेले असावे. आणि निम्मे गुण त्या वहीला द्यावेत. दुसरे असे की, अपुऱ्या यंत्रालाही मांडणीत जागा असावी. वाकडी रेघ काढणारा प्लॉटर आणि ती वाकडी का येते हे सांगणारी मुलगी यांना आजच्या नियमांत पहिल्या फेरीतच घरी जावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या यंत्रातही एक दोष अजून बाकी आहे. पेन फळीच्या अगदी वरच्या भागात गेला की मोटारी पावले चुकवतात. तिथे दोरे जवळजवळ आडवे होतात, त्यामुळे तेच वजन पेलायला त्यांच्यातला ताण कितीतरी वाढतो. सध्या दहावीच्या मुली ताणकाटा लावून वेगवेगळ्या उंचीवर तो ताण मोजत आहेत, आणि पेन कुठवर वर न्यायचा याची रेघ त्या आकड्यांवरूनच फळीवर आखली जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका, सातारा