सारांशलेखन पर्यायात नको, तिसरीपासून हवे

महोदय,

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. त्यातली पहिली कृती ६ गुणांची: पत्रलेखन किंवा सारांशलेखन. सारांश लिहायचा तर गद्य विभागात आलेल्या अपठित उताऱ्याचाच एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. म्हणजे उतारा आधी वाचलेला असतो, त्यावरच्या कृतीही सोडवून झालेल्या असतात. तरीही माझ्या वर्गातली बहुतेक मुले दरवर्षी पत्राकडेच वळत. पत्राला ठरलेला साचा आहे. दिनांक, प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. साचा पाठ केला की निम्मे काम उरकते. सारांशात पाठ करण्यासारखे काहीच नाही, म्हणून क्लासमध्येही मुलांना सांगितले जाते की त्याच्या वाटेला जाऊ नका.

त्याच परीक्षेत तृतीय भाषा इंग्रजीला ५ गुणांचा सारांश आहे आणि त्याला पर्याय नाही. जे काम मूल मराठीत कधी करत नाही, ते त्याच्याकडून इंग्रजीत अपेक्षित आहे. मग मुले इंग्रजी उताऱ्यातली चार वाक्ये जशीच्या तशी उचलतात, मधली गाळतात, वर शीर्षक देतात. त्यांचे इंग्रजी कच्चे आहे असे सगळे म्हणतात. माझ्या मते कच्चे आहे ते वाचलेले आपल्या शब्दांत मांडणे, आणि ते मराठीतच कच्चे राहिलेले असते.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आता वाईजवळच्या एका शाळेत आठवड्यातून काही तास चौथी-पाचवीच्या मुलांसोबत वाचन घेते. दोन्ही टोके पाहिल्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

आपल्याकडे मुलाला वाचता येते का, हे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक, त्याला मोठ्याने वाचायला लावायचे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केले. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे लक्ष्य आहे. लक्ष्य चांगले आहे. पण ६० शब्द घड्याळ लावून मोजता येतात, ‘अर्थासह’ मोजायला घड्याळ नाही. त्यामुळे शब्दांचीच मोजणी होते. दुसरी रीत म्हणजे उताऱ्याखालचे प्रश्न. या रीतीवर आपला फारच विश्वास आहे. म्हणून पुढची तीन वाक्ये वाचून पाहावीत:

भिरंबट सकाळीच खुळपीला गेला. तिथे त्याने तीन टिपुळ्या झुंबल्या. संध्याकाळी त्या गदमाला देऊन तो घरी आला.

भिरंबट कोठे गेला? खुळपीला. त्याने किती टिपुळ्या झुंबल्या? तीन. त्या कोणाला दिल्या? गदमाला. तिन्ही उत्तरे बरोबर, पूर्ण गुण. या वाक्यांना काहीही अर्थ नाही, ती मी रचलेली आहेत. मराठीचे प्रत्यय ओळखता येणारे कोणतेही मूल ही उत्तरे देईल, कारण उत्तर उताऱ्यातच तयार पडलेले असते. आता त्याच मुलाला सांगा, ‘इथे काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग.’ तिथे ते थांबेल, आणि थांबायलाच हवे. समजले की नाही, हे कळण्यासाठी मला तरी याहून खात्रीची कसोटी माहीत नाही. ती वापरायला ना कागद लागतो ना संगणक.

हे काम वर्गात प्रत्यक्ष कसे होते, ते एका उताऱ्यावरून सांगते. पाचवीच्या मुलांसाठी मी हा लिहिला होता:

‘विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरण पक्ष्याची घरटी लोंबकळताना दिसतात. हे घरटे नर विणतो. गवताची, भाताची, उसाची पाती चोचीने फाडून तो लांब धागे काढतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते पाहते. तिला पसंत पडले तरच नर ते पूर्ण करतो. पाण्यावर आणि काटेरी झाडावर घरटे असल्यामुळे सापासारख्या शत्रूंना तिथवर पोहोचणे अवघड जाते.’

सारांश लिहा म्हटल्यावर बऱ्याच मुलांनी पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य उतरवले. मादीची पसंती, म्हणजे उताऱ्याचा गाभा, मधेच राहून गेला. काहींनी शब्द बदलले: ‘झुकलेल्या’चे ‘वाकलेल्या’, ‘लोंबकळताना’चे ‘लटकताना’. आपल्या शब्दांत लिहायचे म्हणजे समानार्थी शब्द घालायचे, अशी त्यांची समजूत. समानार्थी शब्दांच्या याद्या आपणच पाठ करून घेतो, त्यामुळे त्यात मुलांचा दोष नाही. एकाने लिहिले, ‘सुगरण हा फार हुशार पक्षी आहे.’ वाक्य सुंदर आहे, पण हे उतारा म्हणत नाही, तो मुलगा म्हणतो. लिहिणाऱ्याचे म्हणणे कुठे संपते आणि माझे मत कुठे सुरू होते, हा फरक पाचवीत दाखवून दिला तर मुलाला कळतो. मोबाइलवर रोज फिरणारे निरोप पाहिले की वाटते, तो मोठ्यांनाही कोणी वेळेवर दाखवायला हवा होता.

मग उतारा बाजूला ठेवायला लावला. जोड्या केल्या आणि सांगितले, शेजारच्याने हा उतारा वाचलेलाच नाही असे समजून त्याला सांग. एका मुलीने सांगितले ते असे: ‘नर घरटं इणतो, पण मादीला आवडलं तरच ते पुरं व्हतं. सापानं पिल्लं खाऊ नयेत म्हणून ते इहिरीवरच्या काट्याच्या झाडाला असतंय.’ उताऱ्यात पिल्लांचा शब्दसुद्धा नाही. साप कशाला येईल याचा तिने विचार केला, म्हणून तो शब्द आला. सारांशात उताऱ्याबाहेरचे काही घालू नये, हा नियम मला ठाऊक आहे. दहावीच्या परीक्षकाने तो लावावा. पाचवीत मात्र मी तो शब्द राहू दिला, कारण तो आला म्हणूनच मला कळले की तिला उतारा पोहोचला आहे. गवत, भात आणि ऊस या तिन्हींचे नाव तिने घेतले नव्हते. म्हणून तिला विचारले, घरटे कशाचे असते? ‘पात्यांचं,’ ती म्हणाली. तीन नावांच्या जागी त्या तिन्हींना पुरेल असा एक शब्द शोधणे हेही शिकवावे लागते, आणि ते असे तोंडी, बोलता बोलताच शिकवता येते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. त्या मुलीला मी ‘इणतो’ नाही, ‘विणतो’ म्हण, असे मधेच अडवले असते तर ती पुढे बोलली नसती. मुलांचे स्वतःचे शब्द म्हणजे घरचे शब्द. आमच्याकडे गाळपाच्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले येतात. त्यातली काही घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात. त्यांनी वाचलेले आधी गोरमाटीत एकमेकांना सांगावे आणि नंतर मराठीत आणावे. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, त्याबद्दल माझे दुमत नाही, पण तिची वेळ वेगळी. समजले का हे तपासत असताना उच्चार तपासले, तर मूल पुस्तकातल्या वाक्याचा आसरा घेते. तिथे चूक होण्याची भीती नसते. पुस्तकातली वाक्ये पाठ म्हणण्याची सवय लागते ती इथूनच, असे माझे ठाम मत झाले आहे.

अमेरिकेत अॅन ब्राउन आणि जीन डे या संशोधकांनी १९८३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाचवीपासून महाविद्यालयापर्यंतच्या विद्यार्थ्यांनी सारांश कसे केले, हे त्यात तपासले होते. लहान मुले उतारा वरून खाली वाचत जातात. एखादे वाक्य ठेवतात, एखादे गाळतात, आणि ठेवलेले जवळजवळ तसेच उतरवतात. उताऱ्यात तयार नसलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे सर्वांत अवघड, आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनाही ते नेहमी जमले नाही. आमच्या पाचवीत मी हेच पाहते. जे कौशल्य आपोआप येत नाही आणि ज्याला इतकी वर्षे लागतात, ते दहावीच्या वर्षात दोन तासिकांत उरकता येणार नाही. तिसरीत एका परिच्छेदाची गोष्ट तोंडी सांगणे, पाचवीत ती दोन वाक्यांत लिहिणे, सातवीत दोन परिच्छेदांतला समान धागा शोधणे, अशा पायऱ्या अभ्यासक्रमातच असाव्या लागतील.

आपल्याला ही संधी एकदा मिळाली होती. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांत पाठांमधून ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने दिली गेली. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू होता, आणि तो साधला नाही म्हणून जानेवारी २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. ओझ्याबद्दल मी बोलत नाही. पण पाठ संपल्यावर ‘मला काय कळले’ ते दोन-तीन ओळींत लिहायला त्याहून चांगली जागा कुठली होती? मी पाहिलेल्या पुस्तकांत त्या पानांवर फळ्यावरची उत्तरे आणि शब्दार्थ उतरवलेले होते. वर्गातल्या प्रत्येकाची ‘माझी नोंद’ एकसारखी. पानांचे काय करायचे, हे शिक्षकांना कोणी नीट समजावून सांगितले असते तर ती पाने सार्थकी लागली असती.

शिक्षकांच्या अडचणी मला माहीत आहेत. ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांतून वर्गाला उरणारा वेळ थोडा, आणि चाळीस सारांश तपासायचे कधी? म्हणूनच तोंडी आणि जोडीने करण्यावर माझा भर आहे. तिथे ऐकणारे मूलच तपासनीस असते. ‘मला नाही कळलं, पुन्हा सांग,’ असे शेजारच्याने म्हटले की सांगणारे मूल पुन्हा पुस्तकाकडे जाते आणि दुसऱ्यांदा वेगळ्या डोळ्यांनी वाचते. रोज दहा मिनिटे पुरतात. भाषेच्याच तासाला, असेही नाही. परिसर अभ्यासाचा पाठ यासाठी जास्त चांगला, कारण त्यात माहिती खूप असते आणि काय सोडायचे हे ठरवावेच लागते.

२०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवी पाठ्यपुस्तके येत आहेत. तिसरीपासूनच्या प्रत्येक पाठाखाली निदान एक कृती अशी असावी, जिचे उत्तर पाठातून उचलता येणार नाही. आणि राज्य मंडळाने दहावीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखन आणि सारांशलेखन अशी प्रत्येकी ३ गुणांची दोन स्वतंत्र, अनिवार्य कृती ठेवाव्यात. परीक्षेत पर्याय असेल तोवर वर्गात सारांश शिकवला जाणार नाही, हे शाळेत काम केलेल्या कोणालाही पटेल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. मुलांच्या पुरवणीत दर आठवड्याला शंभर-सव्वाशे शब्दांचा एक उतारा छापावा: एखादा पक्षी, एखादे धरण, एखादा शोध. पुढच्या आठवड्यात मुलांनी पाठवलेल्या सारांशांपैकी तीन छापावेत आणि प्रत्येकात काय साधले, काय निसटले हे दोन ओळींत सांगावे. बक्षीस नको, क्रमांकही नको. हे कात्रण शाळेतल्या फळ्याशेजारी लावता येईल. पहिले काही उतारे लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
वाई, जि. सातारा