ज्वारीला मोड आणून पुण्याला पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र बिअरबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना विषयच नको असेल त्यांनी खुशाल पुढच्या पत्राकडे वळावं. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाईंग मास्तर (कापड रंगवणारा) म्हणून नोकरी केली. पिणाऱ्यातला नाही, वर्षातून एखाद्या वेळी, तेही कुणी फारच आग्रह केला तर. दिवाळीनंतर लेकीकडे पुण्याला गेलो होतो, तेव्हा जावई म्हणाले, "मामा, चला, बिअर कशी बनते ते दाखवतो."

आपल्याकडे परमिट रूम म्हटलं की काळी काच, आत अंधार आणि ओळखीचं कुणी दिसलं तर मान खाली. इथं, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या त्या छोट्या ब्रुअरीत, सगळं उलटं. लख्ख उजेड, काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, शेजारच्या टेबलावर एक आजीबाई नातवंडांसोबत लिंबू सरबत घेत बसलेल्या. दारात पाटी मात्र ठळक: 21 वर्षांखालील व्यक्तींना बिअर मिळणार नाही. बिअर बनवणारा पोरगा तिशीच्या आतला, पायात गमबूट. मी डाईंगवाला आहे म्हटल्यावर तो मला थेट टाक्यांपाशी घेऊन गेला.

"काका, ही हॉट लिकरची टाकी." मला वाटलं, तयार दारूच गरम करून ठेवलीय. निघालं साधं गरम पाणी! बिअरच्या धंद्यात पाण्याला लिकर म्हणतात. गंमत अशी की आमच्या डाईंगमध्येही रंगाच्या पाण्याला लिकरच म्हणतात. "लिकर रेशो एकास आठ ठेव" असं मी घरून फोनवर ओरडायचो, तेव्हा आमच्या हिच्या भिशीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

पुढं दोन तास आम्ही दोघं पाण्यावरच बोलत होतो, जावई बिचारे ताटकळत बसले. बोअरच्या पाण्यातले क्षार काढण्यात माझा जन्म गेला. क्षार राहिले की टॉवेलवर डाग. आणि हा पोरगा पाण्यात जिप्सम मोजून घालतो! कडवट बिअरला ते लागतं म्हणे. इंग्लंडात बर्टन नावाच्या गावाची बिअर नावाजली ती तिथल्या जड पाण्यामुळेच. आमचा रंग कापसावर धरायचा तर सोडा घालून पीएच 11 च्या आसपास न्यावा लागतो, त्यांचा साडेपाचच्या आत. भरडलेला माल्ट (तो काय ते पुढे सांगतो) 66-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होऊन पाणी गोड होतं. त्यानं वाटीत काढून चाखायला दिलं. भाजलेली पोळी उसाच्या रसात बुडवावी तशी चव. मग ते उकळायचं, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालायची, थंड करून यीस्ट सोडायचं आणि 18 ते 20 अंशांवर दोनेक आठवडे ठेवायचं. सोलापूरच्या मे महिन्यात हे तापमान सांभाळायचं म्हणजे विजेचं बिल बघूनच नशा उतरेल.

लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा वास, आणि तो केळ्याचा नाही, यीस्टचा. काळ्या बिअरला कॉफीची चव. तिसरी कडूलिंबाचा काढाच. चौथी काय होती ते आता आठवत नाही. सोबत बटाट्याच्या काड्या. लेकीसाठी नेलेली शेंगाची चटणी पिशवीतच होती; काढली आणि काड्यांवर पसरली. वाढणारा मुलगा आधी बघत राहिला, मग त्यानंही थोडी मागून घेतली.

आता मुद्द्याचं. हा माल्ट म्हणजे काय? धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवून भाजायचं. लेकराला नाचणीचं सत्त्व करताना आपल्या आया-आज्या हेच करत आल्या. त्या पोराचा माल्ट बार्लीचा, काही राजस्थान-हरयाणाकडचा, काही थेट जर्मनीचा. मी विचारलं, ज्वारीचा का नाही? म्हणाला, करून बघायचाय, पण ज्वारीचा चांगला माल्ट इथं मिळत नाही. आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या ज्वारीची बिअर करतात. नायजेरियानं 1988 मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं. अडचणी आहेतच. ज्वारीला टरफल नाही, त्यामुळे गाळताना सगळा लगदा बसतो. साखर करण्याची ताकदही बार्लीपेक्षा कमी. म्हणून निम्मी बार्ली, निम्मी ज्वारी असं काहीतरी करावं लागेल.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, मालदांडी वाण मोहोळचा, रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र आपल्याच शहरात. आणि आपण पुण्याला काय पाठवतो? पोत्यात भरलेली ज्वारी आणि फार तर कडक भाकरी.

सोलापुरात ब्रुअरी काढा, असं मी म्हणत नाही. एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी लागतं, आणि आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. विड्या वळून घर चालवणाऱ्या बायकांचे पैसे नवऱ्याच्या बाटलीत कसे जातात तेही मी चाळीत राहून पाहिलंय. पण मोड आणून वाळवलेली ज्वारी विकायला काय हरकत आहे? पाणी लागेल, पण बिअरच्या मानानं फारच थोडं. शिवाय हाच माल्ट बिस्किटांना आणि लहान मुलांच्या खाण्यातही चालतो.

नुसतं बोलून थांबलो नाही. मंगळवेढ्याच्या पाहुण्यांकडून दहा किलो मालदांडी आणली, भिजवली, ओल्या गोणपाटात मोड आणले, गच्चीवर वाळवली. कोंब चोळून काढायला ही बसली, कुरकुरत. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे शेतकऱ्याला सांगायला नको; तोच विषारी अंश कोंबातही असतो, म्हणून ते काढावेच लागतात. एसटीनं पुण्याला पाठवली, फक्त तपासून बघायला. परवा फोन आला: "काका, वास फार छान आहे, पण मोड एकसारखे नाहीत आणि आत ओल राहिलीय."

तर रब्बी ज्वारीच्या केंद्रातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या कुणी हे पत्र वाचलं, किंवा कुणा बचत गटाकडे तापमान धरून ठेवणारा ड्रायर असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. माझ्याकडे अजून पाच किलो ज्वारी शिल्लक आहे.

आपला,
एक निवृत्त डाईंग मास्तर, सोलापूर