जमीन बदलायची आहे, घर नाही

ती. आई-बाबांस,
सा. न.

दादानं आणि मी ठरवलंय, पुनर्वसनात मिळालेली जमीन शासनाला परत करून दुसरी सरकारी जमीन मागायची. अर्ज सोबत आहे.

बाबा, रागवा, पण आधी माती परीक्षणाचा अहवाल बघा. सामू (pH) 9.1, विनिमययोग्य सोडियम 24 टक्के. सोडियम 15 च्या वर गेलं की जमीन चोपणच, म्हणजे सोडियमनं बिघडलेली. ढेकूळ पाण्यात टाका, विरून जातं आणि पाणी तासभर गढूळच राहतं. जिप्समनं सोडियम सुटतं, पण ते धुऊन जायला निचरा लागतो. आपलं शेत खोलगट, वरून कालव्याचा पाझर, चर काढावा तर उताराला वाट नाही. यात तुमच्या कष्टांची कसूर नाही. कोयनेच्या पाण्याखाली शिवार गेल्यावर आजोबांनी हीच माती कसून आपल्याला वाढवलं, ते कोण विसरेल?

आई, गावठाणातला प्लॉट वेगळा आहे, त्याला कुणी हात लावत नाही. तुझं वृंदावन, परसातला शेवगा, नळ, सगळं जागच्या जागी.

अर्जाला सातबारा, आठ-अ, वाटप आदेश, ताबा पावती, फेरफार जोडलेत. सातबाऱ्यावर आत्याचंही नाव आहे, तिच्या सहीशिवाय अर्ज अडतो. तिला फोनवर नको, जाऊन सांगा.

देऊ केलेल्या गटांत गायरान असेल तर नाही म्हणा. सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या निकालापासून ते टिकत नाही. 'वन' नोंद असेल तर 1980 चा कायदा आडवा येतो. उरलेला गट दादासोबत प्रत्यक्ष बघा: रस्ता आहे का, दुसरंच कुणी कसतंय का. कागदावर मोकळा गट आणि बांधावर भांडण, हेच जास्त घडतं.

आणि जुनी जमीन सोडल्याच्या राजीनाम्यावर सही आत्ता करायची नाही. कुणी कितीही घाई केली तरी. आधी आदेश, मग मोजणी, हद्दीचे दगड, ताबा पावती, मग राजीनामा. नवी जमीनही वर्ग-2 च राहील, परवानगीशिवाय विकता येणार नाही. एजंटाला चहा पाजून वाटेला लावा.

बाबा, आत्याकडे सकाळच्या एसटीनं जा. साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही. आई, तू बघ.

तुमची,
माई